लेखक हाच प्रकाशक : महात्मा फुले यांचा ग्रंथव्यवहार

प्रास्ताविक

एकोणिसाव्या शतकातील मराठी गद्याचा विचार करताना आपण आतापर्यंत लेखकांचे विषय, त्यांची भाषा आणि त्यांच्या भूमिका पाहिल्या. पुस्तक लिहून झाल्यावर ते छापले कसे जात असे, पैसा कोण देई आणि ते वाचकापर्यंत कोण पोहोचवी, हे प्रश्न मात्र वाङ्मयेतिहासात बहुधा तळटीपेत राहतात. या घटकात महात्मा जोतीराव फुले यांचे चरित्र आपण नेमक्या त्याच बाजूने पाहणार आहोत. मुलींच्या शाळेचे संस्थापक, सत्यशोधक समाजाचे प्रणेते आणि शेतकऱ्यांचे कैवारी म्हणून ते तुम्हाला परिचित आहेत. येथे त्यांच्याकडे स्वतःची पुस्तके स्वतःच्या खर्चाने प्रसिद्ध करणारा लेखक या नात्याने पाहावयाचे आहे.

हा विषय निवडण्यास एक व्यावहारिक कारणही आहे. दूरशिक्षणाने पदवी घेणाऱ्या तुमच्यातील अनेकांजवळ स्वतःचे लेखन असते. नोकरी, शेती वा घरसंसार सांभाळून लिहिलेली आत्मकथा, कवितांची वही किंवा गावाचा इतिहास असे काहीतरी कपाटात पडलेले असते. पुस्तक स्वतः काढावे का, हा प्रश्न संपर्कसत्रात हमखास विचारला जातो. त्याचे उत्तर फुले यांच्या चरित्रात अयते मिळत नाही. परंतु त्या उत्तरापूर्वी कोणकोणत्या गोष्टींचा विचार करावा लागतो, ते तेथे स्पष्ट दिसते.

नाकारलेले नाटक

जोतीरावांचा जन्म ११ एप्रिल १८२७ रोजी पुण्यात झाला. घराणे मूळचे सातारा जिल्ह्यातील कटगुणचे. आडनाव गोऱ्हे, पण फुलांच्या व्यवसायावरून ते फुले झाले. प्राथमिक शिक्षणानंतर काही काळ खंड पडला आणि १८४१ साली ते स्कॉटिश मिशनच्या इंग्रजी शाळेत दाखल झाले. १८४८ मध्ये त्यांनी भिडे वाड्यात मुलींची शाळा काढली. १६ नोव्हेंबर १८५२ रोजी विश्रामबागवाड्यात सरकारतर्फे त्यांचा सत्कार झाला, तेव्हा ते अवघे पंचवीस वर्षांचे होते. हा सत्कार मेजर थॉमस कँडी यांच्या हस्ते झाला. कँडी हे मराठी पाठ्यपुस्तकांच्या भाषेवर देखरेख करणारे अधिकारी. हे नाव लक्षात असू द्या.

आता दक्षिणा फंडाची हकीकत समजून घेऊ. पेशवाईत विद्वान ब्राह्मणांना दरवर्षी दक्षिणा वाटली जात असे. इंग्रजी राज्य आल्यावर ही रक्कम कमी झाली, तरी प्रथा चालू राहिली. १८४९ साली पुण्यातील काही तरुण सुधारकांनी अशी मागणी केली की, या निधीचा काही भाग मराठी भाषेतील उपयुक्त ग्रंथांना उत्तेजन देण्यासाठी वापरावा. सनातनी मंडळी खवळली. सुधारकांना अर्ज घेऊन जाणेही धोक्याचे वाटू लागले, तेव्हा जोतीराव अस्पृश्य समाजातील माणसांना सोबत घेऊन त्यांच्या पाठीशी उभे राहिले, असे चरित्रकार सांगतात. मागणी मान्य झाली. मराठी ग्रंथांची परीक्षा करून त्यांना बक्षिसे देणारी दक्षिणा प्राइज कमिटी ही या घडामोडीची निष्पत्ती होय.

या कमिटीचे महत्त्व आज सहज ध्यानात येत नाही. त्या काळी मराठीत पुस्तक विकत घेणारा वर्ग अगदी लहान होता. घरचा पैसा नसलेल्या लेखकाला छापखान्याची पायरी चढायची असेल, तर सरकारी बक्षीस, शिक्षणखात्याची खरेदी किंवा मिशनऱ्यांचे साहाय्य एवढेच मार्ग होते. ग्रंथ परीक्षकांना पसंत पडणे आणि ग्रंथ वाचकाच्या हाती पडणे या दोन गोष्टी जवळजवळ एकच होऊन बसल्या होत्या.

१८५५ साली जोतीरावांनी ‘तृतीय रत्न’ हे नाटक लिहून याच कमिटीकडे पाठवले. एक जोशी गरोदर कुणबी स्त्रीला व तिच्या नवऱ्याला ग्रहांचे भय घालून लुबाडतो. विदूषक मधूनमधून या फसवणुकीवर भाष्य करतो. आणि अखेरीस ते दांपत्य शाळेत जाऊन शिकण्याचा निश्चय करते, असा त्याचा विषय. आधुनिक मराठी सामाजिक नाटकाचा विचार येथूनच सुरू करावा लागतो. कमिटीने नाटक स्वीकारले नाही. ज्या निधीचे दार उघडण्यासाठी ते उभे राहिले होते, तेच दार त्यांच्यासाठी उघडले नाही. पुढे ‘गुलामगिरी’त त्यांनी या नकाराचा उल्लेख केला असून, त्याला कमिटीतील ब्राह्मण सभासद कारणीभूत होते, असे त्यांचे म्हणणे आहे. हस्तलिखित त्यांनी बाजूस ठेवले.

नकारानंतर लेखक काय करतो, हे पाहण्यासारखे असते. कोणी लेखन सोडतो, कोणी परीक्षकांना रुचेल असे लिहू लागतो. जोतीरावांनी यांपैकी काहीही केले नाही. पण लगेच दुसरे पुस्तकही काढले नाही. पुढचे पुस्तक छापून येण्यास चौदा वर्षे लागली. या चौदा वर्षांत त्यांनी शाळा चालवल्या, व्यवसाय उभा केला, आणि प्रकाशकाच्या कामाचा अनुभवही घेतला. तुकाराम तात्या पडवळ यांच्या ‘जातिभेद विवेकसार’ या ग्रंथाची आवृत्ती १८६५ मध्ये जोतीरावांनी प्रसिद्ध केली. दुसऱ्याच्या पुस्तकावर हात बसवून मग स्वतःच्या पुस्तकाकडे वळणे हा शहाणपणाचा क्रम आहे, असे मला वाटते. तो योजून झाला की ओघाने, हे ठरवण्याची गरज नाही.

पैसा कोठून आला

स्वतः प्रकाशन करणाऱ्या लेखकाविषयी पहिला प्रश्न पैशाचा असतो, आणि चरित्रलेखक नेमके येथेच घाईने पुढे जातात. जोतीराव हे व्यावसायिक होते. १८८२ साली हंटर शिक्षण आयोगापुढे निवेदन सादर करताना त्यांनी स्वतःची ओळख व्यापारी आणि शेतकरी अशी करून दिली. ओतकामाच्या मुशी विकण्याचा व्यवसाय त्यांनी १८६३ च्या सुमारास सुरू केला. खडकवासल्याच्या धरणाच्या बांधकामाला लागणाऱ्या साहित्याचा पुरवठा त्यांनी केला. मांजरीला त्यांची शेती होती. पुण्यात राहणाऱ्या विद्यार्थ्यांनी नकाशा काढून पाहावा : खराडीच्या अंगाने वाहणारी मुळा-मुठा ओलांडली की पलीकडे हडपसर-मांजरीचा परिसर लागतो. आज खराडीत संगणक कंपन्यांच्या इमारती आहेत. तेव्हा नदीच्या दोन्ही काठांना शेतीच होती. ‘शेतकऱ्याचा आसूड’मधील शेतीचे तपशील इतके खरे का वाटतात, याचे एक कारण ही जमीन आहे.

याचा ग्रंथव्यवहाराशी असलेला संबंध समजून घ्या. खिळे जुळवून छापण्याच्या पद्धतीत खर्चाचा मोठा भाग पहिली प्रत निघण्यापूर्वीच होऊन गेलेला असे. एकेक अक्षर हाताने जुळवायचे, त्याची ओळ, ओळींचे पान, पानांचा फर्मा बांधायचा, मुद्रिते तपासून दुरुस्त्या करायच्या. हे काम शंभर प्रतींसाठी जेवढे, तेवढेच हजार प्रतींसाठी. त्यात देवनागरीची जोडाक्षरे आणि काना-मात्रा यांमुळे खिळ्यांची संख्या रोमन लिपीच्या कितीतरी पट. छपाई संपली की खिळे मोडून पुन्हा पेटीत टाकले जात, कारण पुढच्या कामाला तेच लागत. म्हणजे दुसरी आवृत्ती काढायची तर सर्व जुळणी पुन्हा पहिल्यापासून. म्हणून लेखकाला छापण्याच्या दिवशीच किती प्रती खपतील याचा अंदाज करावा लागे. अंदाज चुकला तर एक तर पुस्तक दुर्मीळ होई किंवा गठ्ठे घरात पडून राहत.

आज मागणीनुसार दहा-वीस प्रतीही छापता येतात. त्यामुळे गठ्ठ्यांची भीती कमी झाली आहे. मात्र पुस्तकाच्या विक्रीवर घरखर्च अवलंबून नसणे हा जोतीरावांच्या स्वातंत्र्याचा जो पाया होता, तो आजही तसाच लागतो. घरातील दागिने मोडून किंवा कर्ज काढून पुस्तक छापण्याचा विचार तुमच्या मनात असेल, तर तो जरूर बाजूला ठेवा. जोतीरावांनी व्यवसायातील शिलकेतून पुस्तके काढली.

कानांसाठी लिहिलेली पुस्तके

१८६९ साली जोतीरावांची दोन पुस्तके आली : ‘छत्रपती शिवाजीराजे भोसले यांचा पवाडा’ आणि ‘ब्राह्मणांचे कसब’. नाकारल्या गेलेल्या नाटकाचा उल्लेख करून नंतरचे पुस्तक आपण स्वतःच्या पैशाने छापले, असे जोतीरावांनी ‘गुलामगिरी’त नमूद केले आहे. मराठी वाङ्मयातील स्व-प्रकाशनाचे इतके स्पष्ट कारण क्वचितच कोणी लिहून ठेवले असेल.

आता भाषेकडे वळू, कारण भाषाशास्त्राच्या अभ्यासकाला या पुस्तकांत सर्वांत मोलाचे तेच वाटते. जोतीरावांचा वाचक कोण होता? कुणबी, माळी, महार, मांग या समाजांसाठी आपण लिहीत आहोत, हे त्यांनी स्पष्ट केले आहे. या समाजांत अक्षर ओळखणारी माणसे हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी होती. तेव्हा ज्यांना वाचता येत नाही त्यांच्यासाठी पुस्तक छापण्याचा हा उद्योग वरवर पाहता विसंगत वाटेल. परंतु पुस्तक एकाने वाचावे आणि दहा जणांनी ऐकावे ही रीत गावोगाव रुजलेली होती. पोथी तशीच ऐकली जाई, पवाडाही तसाच. म्हणून त्यांनी पवाडा निवडला. ‘गुलामगिरी’ हे पुस्तक धोंडिबा आणि जोतीराव यांच्या संवादाच्या रूपाने सोळा भागांत मांडले. धोंडिबा शंका विचारतो आणि जोतीराव उत्तर देतात. ऐकणाऱ्याच्या मनात जी शंका उठेल, ती धोंडिबाने आधीच विचारलेली असते. शेवटच्या काळातील ‘सार्वजनिक सत्य धर्म पुस्तक’ही प्रश्नोत्तररूपच आहे. वाङ्मयप्रकाराची निवड येथे वाचकाच्या, किंबहुना श्रोत्याच्या, परिस्थितीवरून झालेली आहे.

‘गुलामगिरी’ १८७३ मध्ये पुण्यात छापली गेली. अमेरिकेत गुलामांना मुक्त करण्यासाठी झटलेल्या लोकांना ती अर्पण केलेली आहे आणि तिला इंग्रजी प्रस्तावना जोडलेली आहे. एकाच पुस्तकात दोन वाचकवर्ग डोळ्यांसमोर ठेवले गेले : मराठी संवाद शूद्रातिशूद्रांसाठी आणि इंग्रजी प्रस्तावना राज्यकर्त्यांसाठी. प्रकाशकाच्या दृष्टीने ही योजना विचारपूर्वक केलेली दिसते. त्याच वर्षी २४ सप्टेंबर रोजी सत्यशोधक समाजाची स्थापना झाली. ग्रंथ आणि संघटना एकाच वर्षी जन्माला आल्यामुळे पुस्तकाला वाचक शोधत हिंडावे लागले नाही. समाजाच्या सभा हेच त्याचे वितरण झाले. पुस्तकांच्या दुकानातून अनोळखी ग्राहकाला विकणे ही एक वाट. ज्यांच्यात आपण रोज वावरतो त्यांच्या हाती पुस्तक देणे ही दुसरी. जोतीरावांची वाट दुसरी होती.

या पुस्तकांच्या उणिवा झाकण्याचे कारण नाही. ‘गुलामगिरी’त ‘महार’ हा शब्द ‘महा-अरी’वरून आणि ‘क्षत्रिय’ हा ‘क्षेत्र’ या शब्दावरून आल्याचे प्रतिपादन आहे. भाषाशास्त्राच्या निकषांवर ‘महार’ची ही व्युत्पत्ती टिकत नाही आणि ‘क्षत्रिय’चीही टिकत नाही. ज्यांना इतिहासात जागा दिली गेली नाही, त्यांच्यासाठी शब्दांतून इतिहास उभा करण्याचा तो प्रयत्न होता, म्हणून त्याकडे युक्तिवाद म्हणून पाहावे. ज्ञान म्हणून ती व्युत्पत्ती उत्तरपत्रिकेत लिहू नये. विष्णुशास्त्री चिपळूणकरांनी ‘निबंधमाले’त जोतीरावांच्या भाषेवर आणि व्याकरणावर कठोर टीका केली. त्या टीकेत उपहास भरपूर आहे आणि समजून घेण्याची इच्छा थोडी आहे. तरीही एक मुद्दा उरतो. स्वतः प्रकाशन करणाऱ्या लेखकाच्या हस्तलिखितावर दुसऱ्या कोणाची नजर फिरण्याची व्यवस्था नसते. नकार देणारा परीक्षक टळला की बहुधा चुका दाखवणारा संपादकही टळतो. जोतीरावांच्या आशयाला त्याने बाध आला नाही, पण विरोधकांना अयते हत्यार मिळाले. तुमचे पुस्तक छापखान्यात जाण्यापूर्वी ते निदान एका अशा माणसाला वाचावयास द्या, ज्याला तुमची भीड पडत नाही.

जाता जाता हेही नोंदवतो की, चिपळूणकर स्वतःही याच वाटेचे प्रवासी होते. १८७४ पासून ‘निबंधमाला’ त्यांनी स्वतःच्या बळावर चालवली. पुढे सरकारी नोकरी सोडून पुण्यात छापखाना आणि किताबखाना यांच्या उभारणीत ते पडले. दोघे वैचारिकदृष्ट्या एकमेकांच्या समोर उभे होते, परंतु छपाईची साधने आपल्या हाती असावीत, हे दोघांनाही कळले होते.

स्वयं-अध्ययनासाठी प्रश्न : (अ) दक्षिणा प्राइज कमिटीचा नकार आणि ‘ब्राह्मणांचे कसब’चे प्रकाशन यांतील संबंध आठ-दहा ओळींत स्पष्ट करा. (आ) ‘गुलामगिरी’ने संवादरूप का स्वीकारले असावे? तुमच्या गावातील सामूहिक वाचनाच्या वा श्रवणाच्या एखाद्या रीतीच्या आधारे लिहा.

छापखाना, वृत्तपत्र आणि ‘आसूड’

सत्यशोधक समाजाच्या आरंभीच्या वर्षांत मुंबईच्या व्यंकू बाळाजी काळेवार, रामय्या व्यंकय्या अय्यावारू आदी सहकाऱ्यांनी समाजाच्या कामासाठी १२०० रुपये किमतीचा छापखाना देऊ केला. मुंबईतील तेलुगू भाषक उद्योजक मराठी चळवळीच्या छपाईसाठी पैसा देतात, हा या इतिहासातील फारसा न सांगितला जाणारा भाग आहे. १ जानेवारी १८७७ रोजी कृष्णराव भालेकरांनी पुण्यात ‘दीनबंधु’ हे वृत्तपत्र सुरू केले. भालेकरांनी पदरमोड करून ते चालवले. परंतु १८८० मध्ये ते नारायण मेघाजी लोखंडे यांच्याकडे गेले आणि मुंबईहून निघू लागले.

जोतीरावांनी १८८३ मध्ये ‘शेतकऱ्याचा आसूड’ पूर्ण केला. शेतकऱ्याच्या दारिद्र्याची इतकी बारकाईने केलेली चिकित्सा त्यापूर्वी मराठीत झाली नव्हती. धर्माच्या नावाने होणारी लूट, सरकारी नोकरशाहीची लूट, पाटबंधारे आणि जंगलांविषयीची धोरणे, बैल, खत, विहिरी, घरातील भांडीकुंडी असे सगळे त्यात आले आहे. त्याचे आरंभीचे भाग ‘दीनबंधु’त छापून आले आणि पुढचे भाग छापण्याचे लोखंडे यांनी नाकारले. ‘आसूड’ जसा ब्राह्मणशाहीवर तसा सरकारवरही ओढलेला होता. मुंबईत गिरणी कामगारांची बाजू घेऊन वृत्तपत्र चालवणाऱ्या लोखंड्यांना ते भाग छापणे परवडणारे वाटले नसावे. जोतीरावांनी मात्र या माघारीबद्दलची नाराजी लपवली नाही.

पाहा, हा दुसरा नकार होता आणि तो विरोधकांच्या कमिटीकडून आलेला नव्हता. आपल्याच चळवळीच्या, आपल्याच माणसाच्या वृत्तपत्राने तो दिला होता. माझ्या मते या चरित्रातील सर्वांत अवघड प्रसंग हाच. परक्याच्या नकाराने माणूस पेटून उठतो; आपल्या माणसाच्या नकारापुढे काय करावे, ते चटकन सुचत नाही.

जोतीरावांनी हस्तलिखित उचलले आणि ते लोकांत जाऊन वाचू लागले. पुणे, मुंबई, ठाणे, जुन्नर, ओतूर, हडपसर अशा ठिकाणी त्यांनी ‘आसूड’चे भाग वाचून दाखवले. बडोद्याचे सयाजीराव गायकवाड यांनीही ते त्यांच्याकडून ऐकले. मांजरीच्या शेताशेजारच्या हडपसरातील ज्या श्रोत्यांनी ते ऐकले असेल, त्यांना त्यातील नांगर, बी-बियाणे आणि सावकार यांची ओळख वेगळी करून द्यावी लागली नसणार. प्रकाशित करणे या क्रियापदाचा मूळ अर्थ उजेडात आणणे असा आहे. या अर्थाने ‘आसूड’ छापला जाण्याआधीच प्रकाशित झाला होता, असे म्हणता येईल.

पण येथे मी स्वतःलाच थांबवतो, कारण हे विधान ऐकावयास जितके सुंदर आहे, तितके पुरेसे नाही. संपूर्ण ‘आसूड’ जोतीरावांच्या हयातीत पुस्तकरूपाने निघाला नाही. ऐकलेला ग्रंथ श्रोत्यांच्या पिढीबरोबर सरतो. छापलेला ग्रंथ ग्रंथालयात धूळ खात पडला, तरी पुढच्या एखाद्या अभ्यासकाची वाट पाहू शकतो. ज्यांनी ‘गुलामगिरी’ स्वतःच्या पैशाने छापली, त्यांना हा मोठा ग्रंथ छापता आला नाही, यावरून स्व-प्रकाशनाच्या सामर्थ्याला मर्यादाही असते, हे ध्यानात घ्यावे लागते.

ग्रंथकारांची सभा

मे १८८५ मध्ये पुण्यात मराठी ग्रंथकारांची दुसरी सभा भरली. पहिली १८७८ साली भरली होती; आजच्या साहित्य संमेलनांची परंपरा तेथून सांगितली जाते. न्यायमूर्ती महादेव गोविंद रानडे यांनी जोतीरावांना निमंत्रण पाठवले. जोतीरावांनी नकार कळवला आणि त्यांचे उत्तर ११ जून १८८५ च्या ‘ज्ञानोदया’त प्रसिद्ध झाले. ज्या ग्रंथकारांच्या ग्रंथांत शूद्रातिशूद्रांच्या माणुसकीच्या हक्कांना स्थान नाही, त्यांच्या सभांशी आमच्या सभांचा मेळ बसत नाही, असा त्या पत्राचा आशय आहे. या वेळी नकार देणारे जोतीराव होते. मराठी ग्रंथकारांच्या मेळाव्याला येण्याचे कारण लेखी विचारणारे आणि ते कारण जाहीर करणारे ते बहुधा आरंभीचे लेखक असावेत. त्या पत्राची परंपरा पुढे विद्रोही साहित्य चळवळीपर्यंत येते.

त्याच वर्षी त्यांनी ‘सत्सार’चे दोन अंक आणि ‘इशारा’ ही लहान पुस्तिका काढली. रानड्यांनी शेतकऱ्यांची स्थिती पूर्वीपेक्षा सुधारल्याचे प्रतिपादन केले होते, त्याला ‘इशारा’ हे उत्तर होते. ताराबाई शिंदे यांच्या ‘स्त्री-पुरुष तुलना’ या १८८२ च्या पुस्तकावर चोहोबाजूंनी टीका होत असता ‘सत्सार’ने ताराबाईंची बाजू घेतली. मोठा ग्रंथ छापणे शक्य नव्हते, पण चार पानांची पुस्तिका वेळेवर काढता येत होती. वादविवादाच्या काळात पुस्तिकेला जी धार असते, ती जाड ग्रंथाला नसते, हे जोतीरावांनी ओळखले होते.

डाव्या हाताने लिहिलेले पुस्तक

११ मे १८८८ रोजी मुंबईत जोतीरावांना जाहीर समारंभात महात्मा ही पदवी देण्यात आली. त्याच वर्षी जुलैत त्यांना पक्षाघाताचा झटका आला आणि उजवी बाजू निकामी झाली. व्यवसाय बसला. आयुष्यभर शिलकेतून पुस्तके काढणाऱ्या या माणसाच्या घरात आता शिल्लक राहिली नाही. मामा परमानंद यांनी सयाजीराव महाराजांकडे त्यांच्या मदतीसाठी शब्द टाकला.

या अवस्थेत डाव्या हाताने लिहिण्याचा सराव करून त्यांनी ‘सार्वजनिक सत्य धर्म पुस्तक’ लिहिले. माणसाने माणसाशी कसे वागावे, याचा विचार त्यात प्रश्नोत्तरांतून केलेला आहे. १८८९ मध्ये पुस्तक पूर्ण झाले, छपाई लांबली. २८ नोव्हेंबर १८९० रोजी जोतीरावांचे निधन झाले. पुढील वर्षी, १८९१ मध्ये, दत्तक पुत्र यशवंत यांनी ते पुस्तक प्रसिद्ध केले. आधीच्या पुस्तकांवर लेखक आणि प्रकाशक या दोन्ही जागी एकच माणूस उभा होता. या पुस्तकात प्रथमच त्या जागा वेगळ्या झाल्या.

त्यांच्या लेखनाचे एकत्रित प्रकाशन व्हावयास जवळजवळ आठ दशके लागली. महाराष्ट्र राज्य साहित्य संस्कृती मंडळाने १९६९ मध्ये धनंजय कीर आणि स. गं. मालशे यांनी संपादित केलेले ‘महात्मा फुले समग्र वाङ्मय’ प्रकाशित केले. ‘तृतीय रत्न’ त्या पहिल्या आवृत्तीतही नव्हते. परीक्षकांनी नाकारलेले ते नाटक हस्तलिखित स्वरूपातच राहिले आणि १९७९ साली, लिहिल्यानंतर चोवीस वर्षे अधिक एक शतक लोटल्यावर, प्रथम छापले गेले.

उपक्रम

तुमच्या परिसरातील ग्रंथालयात जाऊन लेखकाने स्वतः प्रसिद्ध केलेले एखादे मराठी पुस्तक शोधा आणि त्याचे श्रेयपृष्ठ, म्हणजे मुद्रक, प्रकाशक, आवृत्ती व किंमत यांची नोंद असलेले पान, वहीत उतरवून घ्या. १८६७ च्या कायद्याने मुद्रक आणि छपाईचे ठिकाण यांची नोंद पुस्तकावर बंधनकारक झाली, त्यामुळे जुन्या पुस्तकांवरही ही माहिती सापडते. पुस्तकावर आयएसबीएन क्रमांक आहे का, ते पाहा. भारतात हा क्रमांक राजा राममोहन रॉय राष्ट्रीय संस्थेकडून लेखकालाही विनामूल्य मिळतो. १९५४ च्या कायद्यानुसार प्रकाशकाने आपल्या पुस्तकाची प्रत कोलकात्याच्या राष्ट्रीय ग्रंथालयासह देशातील ठरावीक सार्वजनिक ग्रंथालयांना स्वखर्चाने पाठवावयाची असते, आणि लेखक स्वतः प्रकाशक असेल तर हे काम त्याचेच. शक्य असल्यास त्या लेखकाला भेटून पुढील माहिती विचारा : किती प्रती छापल्या, पैसा कोठून उभा केला, हस्तलिखित छापण्यापूर्वी कोणी वाचले होते, आणि पहिल्या शंभर प्रती कोणाच्या हाती गेल्या. उत्तरे दोन पानांत लिहून पुढील संपर्कसत्राला आणावीत.